भूक तर आहे, मग जेवत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा २० महिन्यांचा. जन्मताना २.७ किलो, वर्षाचा झाला तेव्हा ८.७, आता १०.२. अंगावरचं दूध चौदाव्या महिन्यात सुटलं, आता म्हशीचं दूध, दिवसाला २०० मिलीच्या चार बाटल्या. दिवसभर "मम, मम" करत आईच्या मागे फिरतो आणि ताट समोर आलं की तोंड फिरवतो. नुसता पांढरा भात, केळं, बिस्किट एवढंच जातं. भाजीचा कण जिभेला लागला तरी घास बाहेर. मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. आजी म्हणतात, पोरगं वाळत चाललंय. आईचं म्हणणं, "भूक लागते हे तर डोळ्यांना दिसतंय, मग जेवत का नाही? भुकेचं एखादं चांगलं औषध सांगा."

औषध सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच. सोलापुरात लहान मुलं तपासायला लागून मला सव्वीस वर्षं झाली आणि या तक्रारीचं एक ठरलेलं चित्र आहे. आई आत येते. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी दुधाची बाटली, आणि कडेवरच्या पोराच्या दोन्ही हातांत एकेक बिस्किट. त्यातलं एक अर्धं चघळलेलं, त्याचा लगदा आईच्या खांद्यावर. आई सांगत असते, "काहीच खात नाही की ओ डॉक्टर." मी बिस्किटाकडे बघते. मग आईही बघते आणि म्हणते, "ते होय, तेवढंच खातो."

त्या "तेवढंच"चा हिशेब आपण करू. पण आधी वजन, कारण तुमची झोप त्यानं उडवली आहे.

तुम्ही तीन वजनं लिहिलीत हे फार बरं केलंत, बहुतेक जण फक्त आजचं सांगतात. अंगणवाडीतून मिळालेल्या माता-बाल संरक्षण पुस्तिकेत वाढीचा तक्ता असतो, मुलांचा निळा, मुलींचा गुलाबी. त्यावर वर्षाचं आणि आत्ताचं असे दोन ठिपके टाका. दोन्ही हिरव्या पट्ट्यात पडतील. मधल्या रेषेच्या खाली, पण तिच्या बरोबरीनं वर चढणारे. म्हणजे तुमचा मुलगा अंगानं लहानखुरा आहे आणि आपल्या वाटेनं नीट चालला आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षभरात मिळून जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. त्यातच ते चालायला लागतं, गालावरचं, मांडीवरचं बाळसं उतरतं, उंची वाढते. आजींना जे वाळणं दिसतंय ते हेच. शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना करून सोलापुरातल्या निम्म्या आयांनी स्वतःचं रक्त आटवलंय.

आता हिशेब. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात, तुमच्या मुलाला कदाचित थोड्या कमीच. म्हशीच्या १०० मिली दुधात जवळपास शंभर कॅलरी असतात. चार बाटल्या म्हणजे ८०० मिली. तुम्ही पाणी घालत असाल असं धरलं तरी सहाशे-सातशे कॅलरी झाल्या, साखर वेगळी. चार ग्लुकोज बिस्किटांच्या शंभर. एका केळ्याच्या शंभर. बेरीज तुम्हीच करा. भाताच्या चार घासांपुरतीच जागा उरते आणि तेवढे तो खातो. तो उपाशी नाही, दिवसभर बाटलीतून जेवतो आहे.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: भूक मोडणे. जेवायच्या आधी चहा घेतला तर "भूक मोडेल" म्हणून आपण मोठी माणसं नको म्हणतो. पाहुण्यांनाही तसंच सांगतो. पण साडेअकराला मूल किरकिरलं की त्याच्या हातात बिस्किट देतो आणि साडेबाराला वाटी घेऊन त्याच्यामागे पळतो. भूक लागायला लागली की मोडायची, परत लागायला लागली की परत मोडायची. अशा मुलाला पोट रिकामं होऊन कडकडून भूक लागणं म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. त्याला सतत अर्धी भूक असते. ती दुधा-बिस्किटावर भागते, वरण-भाकरीपर्यंत पोचतच नाही. म्हणून ते दिवसभर भुकेलंही दिसतं आणि जेवतही नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच आहे, बाकीचं सगळं ते अमलात कसं आणायचं त्याचं.

आणखी एक. वीस महिन्यांच्या मुलाच्या तोंडी शब्द पंधरा-वीस असतात आणि त्यातला "मम" हा सगळ्यात चालणारा. तहान लागली तरी मम, झोप आली तरी मम, आई फोनवर बोलत बसली तरी मम. प्रत्येक वेळी खाऊच मिळाला तर ते तरी दुसरं काय शिकणार? पुढच्या वेळी जेवणाची वेळ नसताना म्हणालं, तर आधी पाणी द्या, मग पाच मिनिटं जमिनीवर बसून त्याच्याशी खेळा. निम्म्या वेळा मम तिथेच संपतं.

काही ठरवायच्या आधी तीन दिवस एक काम करा. जुन्या वहीच्या मागच्या पानावर तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहा. आजोबांनी बशीतून पाजलेला दोन घोट चहा, शेजारच्या काकूंनी दिलेलं चॉकलेट, दुकानातून येताना मिळालेली गोळी, सगळं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांना तिसऱ्या दिवशी मला काही विचारावंच लागत नाही. एकदा एका आईनं वही टेबलावर ठेवली आणि स्वतःच हसायला लागली. सकाळी सात ते रात्री दहा, सतरा नोंदी होत्या. जेवण म्हणावं अशी एकही नाही.

वही झाली की घड्याळ लावा. दिवसाला पाच वेळा खाणं, दोन खाण्यांत साधारण अडीच ते साडेतीन तास, आणि मधल्या वेळेत फक्त पाणी. उठल्यावर थोड्या वेळानं नाश्ता, साडेदहा-अकराला काहीतरी छोटं, एकच्या सुमाराला जेवण, झोपून उठल्यावर साडेचारला खाणं, साडेसात-आठला घरच्यांबरोबर रात्रीचं जेवण. दूध दिवसाला ४०० मिली पुरे, ५०० च्या वर नको, आणि तेही खाण्यानंतर किंवा खाण्याबरोबर, पेल्यातून. जेवण वीस-पंचवीस मिनिटांचं. त्यानंतर ताट उचलायचं. राग नाही, आर्जव नाही, "बघ, नाही खाल्लंस ना" हे टोमणेही नाहीत. पुढचं खाणं अडीच तासांनी येणारच आहे.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची वाटणी फार सोपी करून ठेवली आहे: काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. काय आणि कधी ते पोरगं ठरवतं, आणि किती ते आपण.

पहिला दिवस बरा जातो, कारण सगळे उत्साहात असतात. तिसरा दिवस वाईट. अकरा वाजता मूल फ्रिजसमोर लोळण घेतं, आजींच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि संध्याकाळी घरी आलेले बाबा म्हणतात, "दे की एक, काय होतंय." तिसऱ्या दिवशी दिलेलं ते एक बिस्किट तुम्हाला पहिल्या दिवसावर आणतं. वर मूल शिकतं की अर्धा तास रडल्यावर मिळतं, म्हणजे पुढच्या वेळी पाऊण तास रडायचं. म्हणून पुडे घरातच आणू नका. फडताळात वर ठेवलेला पुडा मुलाला दिसत नसेल, पण तुम्हाला दिसतो. साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी एका जेवणाला मूल आपणहून हात पुढे करतं. एखादं जेवण त्यानं पूर्ण सोडलं तरी हिरव्या पट्ट्यातलं, खेळतं, नीट लघवी करणारं मूल त्यानं अशक्त होत नाही. मात्र ताप, जुलाब, उलट्या चालू असताना हा प्रयोग करू नका. तेव्हा थोडं थोडं, मागेल तसं द्या.

दूध कमी करा म्हटलं की आजींना ते पटत नाही, म्हणून त्याचं दुसरं कारणही सांगते. दुधात लोह नावापुरतं असतं आणि त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. या वयात दिवसाला आठेक मिलिग्रॅम लोह लागतं. दुधावर वाढणारं मूल गोरंगोमटं दिसतं, पण त्या गोरेपणातला काही भाग रक्त कमी असल्याचा असतो. आणि लोह कमी झालं की भूक मरते, चिडचिड वाढते. भूक मेली की मूल पुन्हा दुधावरच येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची शंभरातली सदुसष्ट मुलं रक्तक्षयाची निघाली होती, तेव्हा "आमच्या घरात नसेल" असं धरून चालू नका. तो माती, भिंतीचे पोपडे, पाटीवरची पेन्सिल खातो का बघा. तळहात आणि खालच्या पापणीची आतली बाजू फिकट आहे का बघा. एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. रक्त खरंच कमी निघालं तर मात्र रोजचा डोस वजनावरून डॉक्टर ठरवतील. शी काळी होते, घाबरू नका. चहा पूर्ण बंद, बशीतला सुद्धा; त्यानंही लोह अडतं. याउलट वरणावर पिळलेल्या लिंबाच्या चार थेंबांनी ते चांगलं शोषलं जातं. आणि शी रोज होते का तेही पाहा. नुसत्या दुधा-भातावरच्या मुलाला चार-चार दिवस शी होत नाही, आणि तुंबलेल्या पोटाला कसली भूक.

आता ताटात काय वाढायचं. तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी आधी सांगितलं म्हणून "वरणाचं पाणी" देता. ते बंद करा. वरच्या पाण्यात हळद-मीठ असतं, डाळ खाली राहते आणि ती आपण खातो. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट वरण हवं. मुलाचं पोट लहान, एका वेळी पाऊण ते एक वाटी मावते. त्या वाटीत पाणी भरायचं की अन्न, एवढाच प्रश्न.

सोलापूरच्या स्वयंपाकघराला यात काहीही बाहेरून आणावं लागत नाही. शेंगदाण्याचं कूट प्रत्येक घरात असतं. दोन छोटे चमचे, म्हणजे दहा ग्रॅम कुटात पंचावन्न-साठ कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिनं. चटणीचं तिखट कूट नव्हे, भाजून सोलून बारीक केलेलं साधं. ते भातात जातं, खिचडीत जातं, दही-भाकरीत जातं. शेंगापोळीचा तुकडा साडेचारच्या खाण्याला कुठल्याही बिस्किटापेक्षा दसपट बरा. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताक घालून, किंवा दूध-गूळ घालून. हुलग्याचं माडगं, थोडं घट्ट, कोमट. मुगाच्या डाळीची खिचडी आणि वर चमचाभर तूप, म्हणजे आणखी पंचेचाळीस कॅलरी. उकडलेलं अंडं, पिवळ्यासकट. चुरमुऱ्यांचा सुशीला मऊ करून, कूट जास्त घालून. धपाट्याचा मऊ तुकडा लोण्याबरोबर. इडली तर सोलापुरात गल्लोगल्ली मिळते, ती साध्या वरणात बुडवून द्या. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला की मोठ्यांचीही दुपारची भूक जाते, तेव्हा त्याच्याकडून भरपेट जेवणाची अपेक्षा ठेवू नका. दुपारी ताकातल्या कण्या किंवा अंबील, आणि खरं जेवण सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर.

भाकरीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. कडक भाकरी नव्हे, ती या वयात घशात टोचते. गरम, मऊ, मालदांडी ज्वारीची भाकरी पापुद्र्यानं सुटी करायची, चुरायची, त्यावर गरम घट्ट वरण किंवा बिनतिखटाची आमटी ओतून झाकण ठेवायचं. पाच मिनिटांनी काट्यानं दाबली तर मोडायला हवी, पण लगदा व्हायला नको. तो फरक महत्त्वाचा आहे. वीस महिन्यांपर्यंत सगळं मिक्सरमधून काढून दिलेली मुलं मी रोज बघते. त्यांना चावणं माहीतच नसतं. कण लागला की ओकारी काढतात आणि आई म्हणते, याला आवडत नाही. आवडीचा तिथे काही संबंध नाही, सवयीचा आहे. गोळे-कण असलेलं अन्न नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत सुरू झालं नाही तर पुढे हा त्रास जास्त होतो. तुमच्या पत्रात मिक्सरचा उल्लेख नाही, पण असेल तर आजपासून तो चटणीपुरता. एकदम बंद करू नका. आधी जाडसर, मग नुसतं चमच्यानं कुस्करलेलं, मग बोटानं उचलता येणारं.

भाजी. दीड ते दोन वर्षांच्या मुलाला नव्या चवीची भीती वाटणं हे निसर्गाचंच काम आहे. नुकतं चालायला लागलेलं मूल दिसेल तो पाला तोंडात घालायला लागलं तर वाचणार कसं? ही भीती ओळखीनं जाते. एखादा पदार्थ दहा ते पंधरा वेळा समोर आल्याशिवाय "त्याला आवडत नाही" असा निकाल देऊ नका. आपण तीनदा देतो आणि सोडून देतो. समोर येणं म्हणजे तोंडात कोंबणं नव्हे. ताटाच्या कडेला दोडक्याची एक फोड असणं, त्यानं ती बोटानं दाबणं, खाली टाकणं, चाटून थुंकणं, हे सगळं मोजायचं. आणि जे तो खातो तिथूनच पूल बांधा. पांढरा भात खातो ना? आठवडाभर त्यावर तूप-मीठ. मग तोच भात, कडेला चमचाभर वरण, मिसळलेलं नाही. मग एक घास कालवलेला, बाकी पांढरा. मग वरणात शिजून विरघळलेला भोपळा. कुठल्याही जेवणात त्याच्या ओळखीची एक गोष्ट ताटात असू द्या, म्हणजे ताट बघूनच तो बिथरणार नाही. पण वरण-भाकरी नको म्हणाला म्हणून उठून मॅगी करायची नाही.

मूल स्वतःहून पुरेसं खाईल यावर विश्वास बसत नसेल तर एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकेत १९२० आणि ३० च्या दशकांत क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंनी नुकत्याच दूध सुटलेल्या पंधरा बाळांवर कित्येक महिने एक प्रयोग केला. समोर निरनिराळे पदार्थ, जवळ बसलेली परिचारिका, तिला सक्त ताकीद: बाळानं बोट दाखवल्याशिवाय चमचा उचलायचा नाही, चेहऱ्यावर पसंती-नापसंती दाखवायची नाही. बाळांच्या जेवणाचा काही मेळ नसायचा, एखादं सकाळी नुसता संत्र्याचा रस आणि काळीज घ्यायचं. पण महिन्यांचा हिशेब लावला तर सगळी नीट वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळानं तर बरं होईपर्यंत समोर ठेवलेलं कॉड माशाचं तेलही आपणहून प्यायलं. मात्र यातली मेख डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितली होती: त्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, डब्यातलं काही नव्हतं. निवड मुलाची, यादी मोठ्यांची. यादीत बिस्किट असतं तर प्रयोग तिथेच संपला असता.

मोबाइलचं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तुम्हाला ते खटकतंय. पडद्याकडे बघणारं मूल गिळतं, पण आपण काय खाल्लं आणि पोट कधी भरलं हे त्याला कळत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच असं जागतिक आरोग्य संघटनेसकट सगळे सांगतात. पहिले चार दिवस मोबाइलशिवाय तो निम्मंच खाईल. खाऊ द्या निम्मं. त्याला तुमच्या पंगतीत बसवा, त्याची स्वतःची ताटली, स्वतःचा चमचा, आणि खाली जुनं वर्तमानपत्र. सांडण्याचा राग येणाऱ्यांनी त्या वेळी आत जाऊन बसावं.

"चिऊचा घास, काऊचा घास" चालेल का असं आया विचारतात. चालेल की. त्यात आई मुलाच्या तोंडाकडे बघत असते आणि मूल आईकडे. पण त्याचा शेवट नीट बघा. चिऊचा झाला, काऊचा झाला, मुलानं तोंड मिटलं. तिथे थांबायचं असतं. आपण पुढे मामाचा, आत्याचा, आजोबांचा करत गावभर फिरतो आणि मिटलेल्या तोंडात पाच घास जास्त घालतो. पायावर आडवं टाकून, नाक दाबून भरवणं मी अजून ऐकते. अन्न श्वासनलिकेत जाऊन मूल दगावू शकतं, हे आजींना मी स्पष्ट शब्दांत सांगते. इतरांना शिकवताना मी स्वतःलाही सोडत नाही. माझी मुलगी दीड वर्षाची असताना मी, शिकलेली बालरोगतज्ज्ञ, वाटी घेऊन गच्चीत तिच्यामागे पळत होते. सासूबाई खालून म्हणाल्या, "अगं, तिला भूक लागू दे की." त्या शाळेत चौथीपर्यंतच गेल्या होत्या.

तेव्हा आजींना शत्रू करू नका. दिवसभर मूल त्यांच्याकडे असेल तर वही त्यांच्याच हातात द्या, घड्याळ त्यांनाच सांभाळू द्या. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक घरांत आजी दारात सूप घेऊन विड्या वळत असते. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा असतो, पोरगं सुपात हात घालतं, म्हणून त्याला बिस्किट देऊन गप्प बसवलं जातं. मी तिला काय बोलणार? एवढंच सांगते की अकराचं खाणं सकाळीच डब्यात करून ठेवा, आणि तंबाखूचे हात साबणानं दोनदा धुतल्याशिवाय घास भरवू नका. त्यांना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, मीठ-मोहरीनं भूक मोडत नाही.

एक गोष्ट मात्र ताकीद म्हणून वाचा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिवडा, अख्खी द्राक्षं पाच वर्षांच्या आत नकोत. महिनाभर खोकला, तीन वेगळी औषधं, आणि शेवटी दुर्बिणीतून फुप्फुसातनं निघालेला शेंगदाण्याचा अर्धा दाणा, असं मूल मी पाहिलंय. द्राक्षं उभी चिरून, चार भाग करून. डाळिंबाचे दाणे ठेचून. आणि खाताना बसलेलं मूल, पळणारं नको.

आता औषध. बाजारात "भूक वाढवणारं" म्हणून मिळणाऱ्या अनेक सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध. त्यानं गुंगी येते, दोन वर्षांच्या आत ते द्यायचं नसतं, आणि बंद केल्यावर भूक पुन्हा होती तिथे येते. दुधात घालायच्या पावडरींचं तर विचारूच नका. या मुलाला दिवसाला बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं पुरतात आणि ४०० मिली दुधातच तेवढी मिळतात, मग डब्यातून विकत घ्यायची कशाला? पावडरीतली साखर मात्र भूक मोडायला पुरेशी असते. जंताचं औषध मी नाकारत नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत अल्बेंडाझोल मिळतं, दोन वर्षांपर्यंत अर्धी गोळी, चुरून पाण्यातून. गोड खाल्ल्यानं जंत होतात हे मात्र खरं नाही, ते मातीच्या हातांनी होतात.

हे सगळं तब्येतीनं बऱ्या असलेल्या मुलासाठी. वजनाचा ठिपका तीन महिने जागचा हलला नाही किंवा पट्टा सोडून खाली आला, दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या आत आला, गिळताना दर वेळी ठसका लागतो, उलट्या किंवा जुलाब लांबतात, दोन आठवड्यांवर खोकला-ताप आहे, घरात कुणाला टीबी आहे, पायांवर सूज आहे, तर घड्याळ लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. दंडाचा घेर ११.५ च्या खाली असेल तर त्याच दिवशी. आणखी एक खूण आया सांगायला विसरतात: मूल मोजून चार-पाचच पदार्थ खातं, तेही एकाच रंगाचे किंवा एकाच कंपनीचे, आणि हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवत नाही, शब्द येत नाहीत. अशा वेळी प्रश्न जेवणाच्या पुढचा असतो, विकासाची तपासणी करून घ्यावी.

शेवटी तुम्ही विचारलंय, रात्री जेवला नाही तर उपाशी झोपवू का, मध्यरात्री उठेल. रात्रीची बाटली ही सगळ्यात शेवटी सुटते, आणि पुढचे दात किडतात ते तिच्यामुळेच. ती एकदम तोडू नका. दर दोन रात्रींनी ३० मिली कमी करत जा, दोन आठवड्यांत ती संपते. तोवर साडेसातला ताट, त्यानं खाल्लं तितकं. झोपायच्या आधी पेल्यातून १५० मिली दूध, मग दात पुसणं, मग झोप. जेवला नाही म्हणून दूध वाढवायचं नाही आणि जेवला म्हणून बक्षिसाचं चॉकलेटही नाही. रात्री उठलाच तर पाणी पाजा आणि थोपटा. पहिल्या दोन-तीन रात्री तुमची झोप होणार नाही, ते धरूनच चला, आणि शक्य असेल तर हे शनिवारी सुरू करा, म्हणजे बाबांनाही थोपटायला बसवता येईल. सकाळी उठल्यावर बाटली न देता थेट गरम कण्या समोर ठेवा, आणि तो काय करतो ते वहीत लिहा. ती वही आणि महिन्याभरानं त्याच काट्यावर केलेलं वजन, एवढं घेऊन या.